अन्न बाधलं तर: बेळगावात नव्यानं खोली करून राहणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत चंदगड, खानापूर, निपाणी, गडहिंग्लजकडची पोरं-पोरी शिकायला नाहीतर नोकरीला बेळगावात येतात. टिळकवाडी, शहापूर, वडगावात खोली बघतात, एक इंडक्शन शेगडी, एक कुकर, दोन पातेली आणतात, आणि पहिल्या पावसातच त्यातलं कुणीतरी मध्यरात्री पोट धरून बसतं. मी बावीस वर्षं खानावळ चालवली. त्यातल्या एका सकाळी माझ्याच हातचं खाऊन चार मुलं आडवी झाली. हे लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच.

आदल्या रात्री मसालेभात उरला होता. मोठं तपेलं, निम्मं भरलेलं. झाकण घालून ओट्यावर ठेवलं आणि झोपले. भाद्रपदातला चिकट उकाडा. सकाळी सातला तोच भात कढईत परतला, वर लिंबू पिळलं. वास चांगला, चव चांगली; मी स्वतः घासभर खाऊन बघितला. साडेदहाला एक मुलगा जिन्यातच बसला आणि म्हणाला, "काकू, पोटात कसंतरीच होऊलालंय ओ." अकरापर्यंत चौघं. ओकाऱ्या थांबेनात. संध्याकाळी सगळे परत चहा मागायला लागले, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी मला रागावलं नाही, फक्त विचारलं, "भात उतरवला किती वाजता आणि फ्रिजमध्ये गेला किती वाजता?" तो गेलाच नव्हता.

तोवर माझी समजूत अशी, की अन्न कच्चं राहिलं किंवा विटलं तरच बाधतं. विटलेलं अन्न नाकाला कळतं: आंबूस वास येतो, तार सुटते, बुरशी धरते. बाधणारं अन्न बहुतेक वेळा असलं काहीच दाखवत नाही. तांदळाबरोबर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शेतातूनच घरात येतात. भात उकळला तरी ते मरत नाहीत, नुसते दबून बसतात. भात कोमट झाला की जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. हे विष परत तापवून जात नाही, म्हणजे माझी सकाळची फोडणी फुकट गेली. सर्वसाधारणपणे 5 ते 60 अंश सेल्सिअस ही जंतूंची सुगी समजा. ओट्यावरचं झाकलेलं तपेलं रात्रभर त्याच सुगीत असतं. अन्न चुलीवर बिघडत नाही, चुलीवरून उतरल्यावर बिघडतं. खाली जे जे सांगितलंय ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

पहिलं काम: घड्याळ बघा

पोट बिघडलं की माणूस शेवटी जे खाल्लं त्याच्यावर आळ घेतो. रात्री पाणीपुरी खाल्ली, सकाळी जुलाब, म्हणजे पाणीपुरीच. असेलही, पण घड्याळ वेगळं सांगू शकतं. पहिली उलटी किंवा पहिला जुलाब किती वाजता झाला ते लिहून ठेवा आणि तिथून मागे मोजा.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत एकदम ओकाऱ्या सुरू झाल्या, ताप नाही, तर विष अन्नात आधीच तयार होतं. भाताचं मी सांगितलंच. दुसरा नेहमीचा गुन्हेगार स्टॅफिलोकोकस. हा बहुतेक करून करणाऱ्याच्या हातून येतो, बोटावरच्या पू झालेल्या जखमेतून किंवा नाकाला लावलेल्या हातातून. आणि खवा, बासुंदी, क्रीमचा केक, हाताने कुस्करलेला बटाटा असल्या मऊ पदार्थांत त्याचं चांगलं बस्तान बसतं. याचंही विष उकळून जात नाही.

सहा ते चोवीस तासांनी पोटात मुरडा, पातळ जुलाब, पण उलटी आणि ताप फारसा नाही, तर रश्श्याचं किंवा आमटीचं मोठं भांडं आठवा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू मोठ्या भांड्याच्या तळाशी, जिथं हवा नाही आणि ऊब टिकते, तिथं वाढतो. बहुतेकांचं पोट एका दिवसात ताळ्यावर येतं.

बारा तासांपासून तीन दिवसांनी ताप, कळा आणि जुलाब आले तर साल्मोनेलाची शक्यता धरतात. अर्धवट शिजलेलं अंडं, चिकन, कच्च्या चिकनचा सुरी-पाट न धुता त्यावरच कापलेली काकडी. टायफॉइड आणि काविळीचा हिशेब आठवड्यांचा असतो. आज डोळे पिवळे दिसले तर कालच्या भेळेला शिव्या देऊन उपयोग नाही. दोन ते सहा आठवड्यांपूर्वी कुठलं पाणी प्यायलात ते आठवा.

आणि खाल्ल्याबरोबर काही मिनिटांत तोंडाला धातूची चव येऊन उलटी झाली, तर भांडं बघा. गावाकडून आणलेलं पितळेचं तपेलं खोलीत शोभेला असतं, मग एके दिवशी त्यात ताक नाहीतर चिंचेचं सार ठेवलं जातं. कल्हई गेलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं. आपल्या आज्या उगाच कल्हईवाल्याची वाट बघत नव्हत्या.

दुसरं काम: पाणी आत जाऊ द्या

अन्न बाधलेला माणूस जंतूंपेक्षा पाणी आणि क्षार गेल्यानं जास्त धोक्यात येतो. म्हणून औषधाच्या आधी ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून प्यायची मीठ-साखरेची पूड. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्याच हातात दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एवढं मोठं औषध औषधाच्या दुकानात थोड्या रुपयांत मिळतं, म्हणूनच बहुधा त्याला कुणी किंमत देत नाही.

पाकीट घेताना त्यावर 'डब्ल्यूएचओ' सूत्र लिहिलंय का ते बघा. ओआरएस नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी. 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, त्यांना हे नाव वापरायला मनाई केली. मोठं पाकीट, साधारण 20.5 ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी असतं. इथं एक चूक मी कितीदा बघितलीय: मुलगा अख्खं पाकीट एका पेल्यात ढवळतो, खारट लागलं म्हणून तोंड वेडंवाकडं करून पितो, आणि त्यानं तहान आणि उलटी दोन्ही वाढतात. खोलीत मापाचं भांडं नसतं. मग एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली धुऊन घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरा, ते पाणी पातेल्यात ओता, त्यात पूर्ण पाकीट टाका, ढवळा, आणि परत बाटलीत भरा. चोवीस तासांनी उरेल ते ओतून द्या.

पाकीट नसेल आणि रात्रीचे दोन वाजले असतील तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरचा ढीग बोटानं पाडून. चव अश्रूंइतकी खारट हवी, त्याहून जास्त नको. सासूबाई असत्या तर आधी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली असती. काढा की, कुणाचं काही जात नाही. फक्त तेवढ्या वेळात पाणी उकळायला ठेवा.

उलटी होत असेल तर पेलाभर एकदम देऊ नका. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर मिनिट-दोन मिनिटांनी एकेक चमचा. हे कंटाळवाणं काम आहे. शेजारच्या खोलीतल्या मित्राला मोबाइल बाजूला ठेवून बसायला लावा. मोठ्या माणसानं प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर किंवा तहान असेल तितकं प्यावं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200. लहान मुलांना डॉक्टर जोडीला 10 ते 14 दिवस झिंक देतात, आणि बरं वाटलं तरी ते मध्येच सोडायचं नसतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका.

पोटाला उपास घडवण्याचीही गरज नाही. उलटी थांबली की पेज, मऊ मुगाची खिचडी, ताक-भात, केळ. कोल्ड्रिंक नको, त्यातली साखर आतड्यात उलट पाणी ओढते. शहाळं चालतं, पण त्यात मीठ कमी असतं, त्यामुळे ओआरएसची जागा ते घेत नाही.

आता गोळ्यांचं. जुलाब बांधणारी गोळी, म्हणजे लोपेरामाइड, ताप असताना किंवा शौचातून रक्त जात असताना अजिबात घेऊ नका, आणि लहान मुलांना तर कधीच नको. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या हा खोलीतला लाडका उपाय आहे. बहुतेक अन्नबाधेत त्यांचा काही उपयोग नसतो; लागतील तेव्हा डॉक्टर पूर्ण कोर्स देतील. बोट घालून मुद्दाम उलटी काढण्याच्या भानगडीतही पडू नका.

दवाखान्यात कधी, आणि तिथं काय बोलायचं

शौचात रक्त, 102 फॅरनहाइटच्या वर ताप, घोटभर पाणीही पोटात न राहणं, सहा-आठ तासांत लघवी न होणं, उठताना डोळ्यांपुढं अंधारी, तीन दिवसांनीही न थांबलेले जुलाब: यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाणी-पाणी जुलाब एकामागून एक लागले तर पटकीचा संशय धरा. तिथं काही तासांत माणूस खचतो. एकाचे दोन दिसायला लागणं, पापण्या ओघळणं, जीभ जड होणं ही बोट्युलिझम नावाच्या विषबाधेची लक्षणं. हा आजार विरळा आहे, पण तिथं ओआरएस पाजत बसायचं नसतं, थेट मोठं रुग्णालय गाठायचं. तान्ही बाळं, गरोदर बाई, साठीच्या पुढचे, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेले यांना लक्षणं वाढायची वाट न बघता दाखवा.

गाडी नसेल तर 108. बेळगावात सरकारी मोठं रुग्णालय म्हणजे बिम्स, लोक त्याला अजून सिव्हिलच म्हणतात. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे सरकारी रुग्णालयं आहेत, आणि गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई.

नव्यानं आलेल्यांची खरी तारांबळ उडते ती खिडकीपाशी. डॉक्टरांना बहुधा मराठी येतं, रात्रपाळीच्या नर्सबाईंना येईलच असं नाही. कन्नडचे चार शब्द पाठ करून ठेवा. उलटी म्हणजे 'वांती'. जुलाब म्हणजे 'भेदि'. पोटदुखी म्हणजे 'होट्टे नोवु'. ताप म्हणजे 'ज्वर', आणि रक्ताला रक्तच. त्या विचारतील 'एष्टु सल?', म्हणजे किती वेळा. 'ऐदु सल' म्हटलं की पाच वेळा. 'निन्नेयिंद' म्हणजे कालपासून. सीमाप्रश्नावर भांडायला पुढं आयुष्य पडलंय, सलाईन लागेपर्यंत एवढं कन्नड कुणाला जड जात नाही. तुम्ही पहिल्या कामात लिहिलेली वेळ आणि काय खाल्लं ती चिठ्ठी सोबत न्या.

एकाच जेवणातून दोघा-चौघांना त्रास झाला असेल तर उरलेलं अन्न फेकू नका. स्वच्छ डब्यात, झाकण लावून, फ्रिजमध्ये ठेवा आणि आरोग्य केंद्राला कळवा. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेऊ शकतात. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा आहे आणि त्याच्या कलम 65 मध्ये भरपाईची तरतूद आहे: मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत, बाकी त्रासाला 1 लाखापर्यंत. खानावळवाली म्हणून सांगते, कळवलं म्हणून आम्ही शत्रू होत नाही. माझ्याकडची मुलं न बोलता दुसरीकडं जेवायला गेली असती तर मी पुढच्या भाद्रपदातही तेच केलं असतं.

परत होऊ नये म्हणून

भात उरला तर तपेल्यात ठेवू नका. परातीत पसरा, दोन बोटं जाडीचा थर, पंख्याखाली, वर जाळी. वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. उतरवल्यापासून आत जाईपर्यंत दोन तासांच्या वर वेळ जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम करून एकदाच खा. फ्रिज नसेल तर उरेल इतका भात लावूच नका. बेळगावचा वासाचा तांदूळ महाग आहे, मला माहीत आहे; सलाईन त्याहून महाग पडतं. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडून बघत राहू नका, बंद ठेवलं तर साधारण चार तास गारवा टिकतो.

रविवारी संध्याकाळी आईनं दिलेला डबा ही नाजूक बाब. मटणाचा रस्सा गरम-गरम डब्यात भरला जातो, वर फडकं, मग एसटी, मग स्टँडवर तासभर, मग खोली. पोचेपर्यंत डबा कोमट, म्हणजे बरोबर जंतूंना हवा तसा. आईला सांगा, एकतर थर्मासमध्ये वाफाळता दे, नाहीतर फ्रिजमधला पूर्ण गार दे, मधला नको. खोलीवर आल्या-आल्या रस्सा खळखळून उकळा आणि त्याच रात्री संपवा. रश्श्यातल्या परफ्रिंजेन्सचा धोका उकळीनं बराचसा टळतो. भाताला आणि खव्याला ती सोय नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर मुक्कामी जाताना मी शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि कोरडं पिठलं नेते, पातळ काही नेत नाही.

गावच्या महालक्ष्मी यात्रेत याचंच मोठं रूप दिसतं. पहाटे तीनला हंडे चुलीवर, दुपारी बारापासून पंगती, शेवटची पंगत पाचला. पाहुणे म्हणून गेलात तर वाफ येणाऱ्या हंड्यातलं वाढून घ्या, बाजूला काढून ठेवलेल्या बादलीतलं नको. स्वयंपाकाला हात लावायचा असेल तर हंड्याखाली निखारे राहू द्या, मोठा हंडा उतरवायचा झाला तर रस्सा लहान भांड्यांत वाटा, आणि बोटाला कापलेल्या माणसाला लाकडं फोडायला पाठवा. तो रुसेल. रुसू दे.

पावसाळ्यात पाण्याकडं बघा. नळाला जिथं रोज पाणी येत नाही, तिथं मधल्या काळात रिकाम्या पाइपात कुठूनही घाण ओढली जाते. गढूळ आलं तर आधी गाळा, मग खळखळ उकळी आल्यावर आणखी मिनिटभर ठेवा. विहिरीचं असेल तर ग्रामपंचायतीनं टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकली का ते विचारा, लाजू नका. उकळलेलं पाणी घागरीत भरून त्यात हात बुडवून पेला काढला तर सगळं मुसळ केरात, लांब दांड्याचं वगराळं ठेवा.

गावी न्यायला कुंदा घेताना दुकानदाराला विचारा आजचा का कालचा. सुट्या मिठाईवर वापराची मुदत लावणं 2020 मध्ये बंधनकारक केलं होतं, तेव्हा पाटी लावलेली असेल तर बघा. खानावळ निवडताना भिंतीवरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक बघाच, पण त्याहून एकदा रात्री दहानंतर जाऊन उरलेलं कुठं ठेवतात ते बघा.

आणि खानापूरच्या रानातली अळंबी. पहिल्या पावसानंतर मित्र हौसेनं पिशवी भरून आणतो. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओळख आहे त्यानं आणली तरी मी दोनदा विचारते. नवख्यानं आणली तर चुलीवर चढू देत नाही. सगळ्यात घातक अळंबीचं विष शिजवून जात नाही. त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, मग मध्ये एक दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात लिव्हर जात असतं. अळंबी खाल्ल्यावर उशिरा उलट्या लागल्या तर बरं वाटलं तरी रुग्णालयात जा, आणि उरलेली अळंबी कागदी पिशवीत घालून सोबत न्या.

खोलीत एवढं आणून ठेवा: ओआरएसची चार पाकिटं, थर्मामीटर, एक लिटरची धुतलेली बाटली, आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत 108. पाकिटांवर मुदत असते. माझ्या डब्यात मागच्या महिन्यात दोन पाकिटं दगड झालेली निघाली.